वाचकांचे प्रश्न : महागाई, बचत रोखे आणि गुजरीतले सोने

प्रश्न : मी माध्यमिक शाळेतून निवृत्त झालेला शिक्षक असून कोल्हापुरात राजारामपुरीत राहतो. वय 63. निवृत्तिवेतनावर घर चालते, पण दरवर्षी ते अपुरे पडू लागले आहे. मुदत संपलेल्या ठेवींचे अठरा लाख रुपये बचत खात्यात पडून आहेत. मेहुणे म्हणतात, महागाईवर सोन्या-चांदीशिवाय उतारा नाही, सगळी रक्कम त्यात घाला. बँकेतील एका परिचितांनी रिझर्व्ह बँकेचे बदलत्या व्याजदराचे बचत रोखे सुचवले. पत्नीला गुजरीत, म्हणजे इथल्या सराफ बाजारात, कोल्हापुरी साज हा गळ्यातला दागिना करायचा आहे. काय करावे?

उत्तर : मेहुण्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे, पण ते ज्याला थांबता येते त्याच्यापुरते. 2012 अखेरीस सुमारे 31 हजार रुपये तोळा (दहा ग्रॅम) असलेले सोने 2015 अखेरीस सुमारे 25 हजारांवर आले होते, आणि त्याच 2015 साली तूरडाळ किलोला दोनशे रुपयांच्या घरात गेली होती. त्या वर्षी आजारपणासाठी ज्यांना सोने मोडावे लागले, त्यांना महागाईपासून कसलेही संरक्षण मिळाले नाही. याउलट नोव्हेंबर 2015मध्ये ग्रॅमला 2,684 रुपये भरून ज्यांनी सरकारी सुवर्ण रोख्यांची (सोन्याच्या भावाने परतफेड होणाऱ्या रोख्यांची) पहिली मालिका घेतली, त्यांना आठ वर्षांनी ग्रॅममागे 6,132 रुपये मिळाले, शिवाय दरवर्षीचे व्याज निराळे. फेब्रुवारी 2024नंतर मात्र सरकारने या रोख्यांची नवी मालिका काढलेली नाही.

आता बचत रोख्यांविषयी. यांचा दर थेट महागाईला बांधलेला आहे, असा अनेकांचा समज असतो आणि विक्री करणारेही तो दूर करत नाहीत. प्रत्यक्षात तो टपाल खात्याच्या राष्ट्रीय बचत प्रमाणपत्राच्या दराला बांधलेला आहे. त्या दरात 0.35 टक्का मिळवून 1 जानेवारी आणि 1 जुलै रोजी नवा दर ठरतो. जुलै 2023मध्ये तो 8.05 टक्के झाला आणि 2025 अखेरपर्यंत तसाच राहिला. महागाई वाढली की सरकारी व्याजदर सहसा उशिराने का होईना वर जातात, म्हणून या रोख्यांना महागाईची थोडीफार चाहूल लागते. हमी मात्र नाही. खरोखर महागाई निर्देशांकाला जोडलेले बचत रोखे रिझर्व्ह बँकेने डिसेंबर 2013मध्ये आणले होते, निर्देशांकावर दीड टक्का अधिक अशा दराचे. प्रतिसाद न मिळाल्याने ते काही महिन्यांतच बंद झाले. मला ही गोष्ट आजही खटकते, कारण निवृत्तांसाठी याहून योग्य साधन आपल्याकडे आलेले नाही.

रोख्यांची मोठी अडचण म्हणजे पैसा सात वर्षे अडकतो. ते कोणाला विकता येत नाहीत, त्यांवर कर्जही मिळत नाही. आपल्या वयोगटाला सहा वर्षांनंतर दंड भरून बाहेर पडता येते, एवढीच सवलत. व्याज करपात्र आहे. तीस टक्के कराच्या टप्प्यात असणाऱ्याच्या हाती उपकर धरून 8.05 पैकी जेमतेम साडेपाच टक्के उरतात. आपले उत्पन्न नव्या करप्रणालीतील बारा लाखांच्या मर्यादेत असेल, तर मात्र हे व्याज पूर्ण आपलेच.

म्हणून मी आपल्या जागी असतो तर तीन लाख बँकेतच, केव्हाही काढता येतील असे ठेवले असते. त्यानंतरचे आठ लाख ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत, कारण तिथे व्याज दर तिमाहीला हाती येते आणि गरज पडल्यास थोडी कपात सोसून खाते मोडता येते. पाच लाख बचत रोख्यांत, आणि उरलेले दोन लाख सोन्यात, तेही वेढणी (चोख सोन्याचे साधे वळे), नाणे किंवा गोल्ड ईटीएफ (शेअर बाजारात घेता-विकता येणारा सोन्याचा फंड) यांच्या रूपात.

साज जरूर करावा, परंतु तो गुंतवणुकीच्या हिशेबात धरू नये. एक लाखाच्या सोन्यावर बारा टक्के घडणावळ आणि जीएसटी मिळून पंधरा हजारांहून अधिक जातात, आणि मोड घालताना त्यातले काहीच परत येत नाही. मण्यांत लाख (राळेसारखा पदार्थ) भरलेली असेल तर निव्वळ सोन्याचे वजन पावतीवर वेगळे लिहून घ्यावे, आणि हॉलमार्कसोबतचा सहा अक्षर-अंकी एचयूआयडी (त्या दागिन्याचा स्वतंत्र ओळख) क्रमांक पेढीवरच भिंगातून पाहून पावतीशी ताडून घ्यावा.

प्रश्न : माझा मुलगा अमेरिकेत नोकरीला आहे. तेथील ‘आय’ बचत रोखे महागाईप्रमाणे वाढतात, असे तो सांगतो. मला इचलकरंजीत राहून ते घेता येतील का? (एक वाचक भगिनी)

उत्तर : नाही. हे रोखे अमेरिकेचे नागरिक आणि तेथील रहिवासी यांच्यासाठी आहेत. मुलाने घेण्यास हरकत नाही. त्यांचा दर मे आणि नोव्हेंबरमध्ये महागाईनुसार बदलतो; मे 2022मध्ये तो 9.62 टक्क्यांवर गेला होता. वर्षाला दहा हजार डॉलरची मर्यादा असून पहिले बारा महिने पैसे काढता येत नाहीत आणि पाच वर्षांच्या आत काढल्यास तीन महिन्यांचे व्याज जाते.

प्रश्न : हुपरीत चांदीचे पैंजण कारखानदारांच्या भावात मिळतात. गुंतवणूक म्हणून घ्यावेत का?

उत्तर : वापरायचे असतील तरच. पैंजणांचा टंच (शुद्धता) चोख चांदीपेक्षा कमी असतो, झाळकामाचे (जोडासाठी वापरलेल्या धातूचे) वजन त्यात धरले जाते आणि मजुरी परत मिळत नाही. चांदीची निम्म्याहून अधिक मागणी उद्योगांकडून येत असल्याने तिचा भाव सोन्यापेक्षा फार हेलकावतो : एप्रिल 2011मध्ये औंसाला जवळजवळ पन्नास डॉलर असलेली चांदी 2015 अखेरीस चौदा डॉलरच्या आसपास होती. ठेवायचीच असेल तर शुद्धतेचा शिक्का असलेली चोख वीट घ्यावी आणि दहा वर्षे हात लावावा लागणार नाही, एवढ्याच रकमेची घ्यावी.