तुर्की दिग्दर्शक यिल्माझ ग्युने तुरुंगात होते, मग 'योल' त्यांचा चित्रपट कसा? आणि देश सोडल्यावर त्यांनी काय केलं?

पटकथा त्यांचीच, तीही तुरुंगात लिहिलेली. एका न्यायाधीशाच्या खुनाबद्दल ते १९७४ पासून आत होते. चित्रीकरण केलं शेरिफ ग्योरेन यांनी, ग्युनेंच्या बारीकसारीक सूचनांवरून. त्यामुळे सगळं श्रेय एकट्या ग्युनेंना देणं मला तरी पटत नाही.

१९८१ मध्ये ते रजेवर सुटले ते परतलेच नाहीत. गंमत म्हणजे 'योल'ची गोष्टही रजेवर सुटलेल्या कैद्यांचीच! संकलन त्यांनी युरोपात पोचल्यावर केलं. मध्येच पडद्यावर 'कुर्दिस्तान' (कुर्द लोकांचा प्रदेश) अशी ठळक अक्षरं येतात. तुर्कस्तानात १९९९ पर्यंत हा चित्रपट रीतसर दाखवता आला नाही, कान चित्रपट महोत्सवात मात्र १९८२ मध्ये 'मिसिंग' या चित्रपटासोबत विभागून पाम द'ओर हा तिथला सर्वोच्च पुरस्कार मिळाला.

परदेशात त्यांनी पुढे एकच कथापट केला, 'दुवार' (१९८३). अंकाराच्या तुरुंगातल्या पोरांचे हाल आणि त्यांचं बंड; सेट फ्रान्समध्ये उभारलेला. त्याच सुमारास तुर्की नागरिकत्व काढून घेतलं गेलं. सप्टेंबर १९८४ मध्ये पॅरिसला कर्करोगाने गेले, वय अवघं ४७.

बघायचे असतील तर आधी 'योल' बघा. 'दुवार' फार अंगावर येतो.