दोन पाने आणि चार ओळी

आदरणीय गुरुजी,
सप्रेम नमस्कार.

दारव्हा तालुक्यातून आलेले आपले पत्र मी दोनदा वाचले. लेकीकडे मँचेस्टरला दोन महिने राहून आपण परतलात. पारावरची मंडळी ‘कसं आहे तिकडे?’ असे विचारतात आणि आपल्याला उत्तर सुचत नाही. एका थंड सकाळी बंद दुकानाच्या दारात स्लीपिंग बॅगेत झोपलेला एक तरुण आपण पाहिला, आणि लोक हातात कॉफीचे पेले घेऊन त्याला वळसा घालून जात होते. त्याच आठवड्यात आपण चुकीच्या ट्राममध्ये बसलात, तेव्हा एक अनोळखी वयस्क बाई केवळ आपल्यासाठी मध्येच उतरली आणि योग्य ट्राममध्ये आपल्याला बसवून देऊनच गेली. माणूसजात चांगली म्हणावी की वाईट, असे आपण विचारता. परतल्यापासून माणसांचा वीट आल्यासारखे वाटते, असेही लिहिता.

जन्मभर उत्तरपत्रिका तपासणाऱ्या माणसाचे पत्र तपासण्याचे धाडस करते, रागावू नका. त्या तरुणाला आपण दोन पाने दिली आहेत आणि ट्राममधल्या बाईला चार ओळी. दोन पानांत ‘लोक गेले’, ‘लोकांनी पाहिले नाही’ असे पुन्हा पुन्हा येते आणि अगदी शेवटी, समासाला चिकटून, ‘मीही थांबलो नाही’ हे एकच वाक्य येते. मला वाटते, सारे पत्र त्या वाक्यासाठीच लिहिले गेले आहे.

आपल्या गावात कुणी परक्याच्या ओट्यावर उपाशी निजला, तर तो कुणाचा कोण हे आपल्याला ठाऊक असते, म्हणून काय करायचे हेही ठाऊक असते. तिथे भाषा अडत होती, रीत माहीत नव्हती, लेक हात धरून पुढे नेत होती. हे कारण खरे आहे, पण तेवढ्याने टोचणी जावी असे मी म्हणणार नाही. आणि गावाचीही मला फार खात्री वाटत नाही. कर्जापायी ज्या घरातला कर्ता माणूस गेला, त्या घरी तेरवीपर्यंत अख्खे गाव असते. पुढे त्या ओट्यासमोरून आपण सारेच जरा भरभर चालतो. मीसुद्धा.

फोटोत आपण लिंकनच्या पुतळ्याखाली उभे आहात आणि ‘हा अमेरिकेचा माणूस इथे कशाला?’ असे गमतीने विचारता. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी सुरू झाली, दक्षिणेकडच्या बंदरांची नाकेबंदी झाली, गुलामांनी पिकवलेला कापूस लँकेशायरला, म्हणजे मँचेस्टरच्या गिरण्यांच्या मुलखात, येईनासा झाला आणि गिरण्या बंद पडून कामगारांची उपासमार झाली. तरीही ३१ डिसेंबर १८६२ रोजी मँचेस्टरच्या सभेत जमलेल्या कामगारांनी गुलामगिरीविरुद्ध उभ्या राहिलेल्या लिंकनला पाठिंब्याचे पत्र धाडले. त्याने जानेवारी १८६३ मध्ये आभाराचे उत्तर पाठवले, आणि त्यातला मजकूर त्या चौथऱ्यावर कोरलेला आहे.

या गोष्टीचे दुसरे टोक आपल्या काळ्या मातीत आहे. त्याच गिरण्यांच्या गरजेमुळे वऱ्हाडच्या कापसाचा भाव चढला आणि १८६५ मध्ये युद्ध संपल्यावर तो कोसळला. चढ्या भावाच्या भरवशावर पेरणारे शेतकरी मात्र इथेच होते. १८७० मध्ये खामगावला रेल्वे पोचली आणि पुढे आपल्या दारव्ह्यावरून शकुंतला ही छोटी आगगाडी धावली, तीही मुख्यतः कापसासाठी. उपाशी पोटी परक्या गुलामांची बाजू घेणारे आणि वऱ्हाडात कापूस कोण पिकवतो हे कधी न विचारणारे, हे लोक वेगवेगळे असतील असे मला वाटत नाही.

म्हणून आपल्या प्रश्नाला मी गुण देत नाही, आपणही देऊ नका. लेकीला फोन करून ती सकाळ आपल्याला अजून छळते, हे आधी सांगा. तिलाही ती आठवत असेल. उघड्यावर झोपलेल्या माणसाची जागा मदत करणाऱ्यांना कळवण्यासाठी इंग्लंडमध्ये स्ट्रीटलिंक नावाची सोय आहे, ती तिला वापरता येईल. पारावर विचारतील तेव्हा ट्रामची हकीकत चार ओळींत उरकू नका, आणि दुकानासमोरची हकीकत ‘लोक’ या शब्दाऐवजी ‘मी’ने सुरू करा.

आणखी एक. तेरवी होऊन गेलेल्या एखाद्या घरात शाळकरी मूल असेल, तर संध्याकाळी वही घेऊन त्याला आपल्या ओट्यावर बोलवा. गणित आपण चांगले शिकवत होतात, असे आपणच लिहिले आहे.

आपली,
ताई