जर्मनीत पक्ष्यांवर पीएचडी करायची म्हणतेस? मग हे वाच

तू विचारलंयस की गरवारेतून बायोडायव्हर्सिटीत एमएस्सी झालंय, थंडी पडली की भिगवणच्या फेऱ्या चालू असतात, आता जर्मनीत पक्ष्यांवर पीएचडी करायचीय, तर पैसे किती, भाषा अडते का आणि परत यायचं झालं तर काय. मी दक्षिण जर्मनीतल्या कोन्स्टान्झला असते, पक्ष्यांवर संशोधन चालतं ते राडोल्फत्सेल इथून जवळच, त्यामुळे या भागातलंच सांगते.

पैशाचं आधी उरकते. पीएचडी इथे नोकरीच असते, ट्यूशन फी नाही, बायोलॉजीत बऱ्याच ठिकाणी सरकारी वेतनश्रेणीच्या ६५ टक्के पगार धरतात, त्यातून टॅक्स, आरोग्य विमा, पेन्शन कापून एकटीचं नीट भागतं. कोन्स्टान्झमधे भाड्याने खोली मिळणं मात्र डोक्याला ताप आहे.

आता पक्षी. इथली परंपरा जुनी, १९०१ मधे बाल्टिक किनाऱ्यावर रोसिटेनला पक्षीकेंद्र निघालं, ते गाव आता रशियात आहे, दुसऱ्या महायुद्धानंतर काम राडोल्फत्सेलला आलं. पक्षीशास्त्रज्ञ पेटर बेर्टोल्ड इथलेच. ब्लॅककॅप नावाच्या वटवट्यातले काही हिवाळ्यात ब्रिटनला जायला लागले होते, त्यांनी अशा पक्ष्यांची पिल्लं पिंजऱ्यात वाढवली आणि ती पिल्लं, ज्यांनी बाहेरचं जग पाहिलेलंच नाही, स्थलांतराच्या दिवसांत त्याच दिशेला झेपावायला लागली! म्हणजे दिशा आईबापांकडून रक्तातच येते. हे वाचूनच मी इकडे वळले, खोटं कशाला बोलू.

पण रोज दुर्बीण गळ्यात असेल असं समजून येऊ नकोस. करकोच्यांच्या पाठीवर जीपीएस टॅग असतात, पक्षी आफ्रिकेत आणि तू ऑफिसात आर (R) नावाच्या प्रोग्रॅमिंग भाषेत कोड लिहीत बसलेली, वर्षाचा बराचसा काळ हेच चालतं. वसंतात घरट्यांच्या पेट्या तपासायच्या असतील तर मग पहाटेपासून रान. ग्रेट टिट, आपल्या राखी वल्गुलीची चुलत बहीण, हातात धरली की नखाशेजारची कातडी बरोब्बर हेरून चोच मारते, तेवढ्यात रिंग घालायची, पंख मोजायचा, कापडी पिशवीत वजन करायचं आणि सोडून द्यायची. यासाठी परवाने लागतात, प्राण्यांवरच्या प्रयोगांची मंजुरी वेगळी, सुरुवातीचे काही महिने कागदातच जातात. आणि गोचिडांमुळे मेंदूला सूज येणारा आजार या भागात आहे, लस आल्याआल्या सुरू कर.

ऑफिसात इंग्रजी चालते पण रानात शेतकऱ्याशी बोलायला जर्मनच लागते आणि तीही इथल्या बोलीतली, बी१ या मधल्या पातळीपर्यंत तरी जर्मन शिकून ये. गाडी चालवायला शीक. भारतातलं लायसन्स इथे राहायला आल्यापासून सहाच महिने चालतं, नंतर लेखी आणि प्रत्यक्ष परीक्षा परत द्यावी लागते, खर्च दणदणीत आणि साइटवर बस जात नाही.

आता जे कुणी आधी सांगत नाही ते. इथे संशोधकाला कायमची नोकरी फार थोड्यांना मिळते, कायद्यानेच मुदतीच्या करारांना मर्यादा आहे, साधारणपणे पीएचडीआधी सहा वर्षं आणि नंतर सहा, पुढे प्रोजेक्टच्या पैशावर वाढवतात पण त्याचा भरवसा नाही. २०२१ मधे यावरून तरुण संशोधकांनी ट्विटरवर केवढा आरडाओरडा केला होता. म्हणून पीएचडीला जरूर ये, शिकायला यापेक्षा चांगली जागा मला माहीत नाही, पण इथेच प्रोफेसर होईन या हिशोबावर घरच्यांकडून कर्ज काढून येऊ नकोस.

परत यायचं डोक्यात असेल तर अजून एक. भारतातल्या पक्ष्यांवर काम करायचं झालं तर वनखात्याची परवानगी लागतेच, शिवाय जैवविविधता कायद्यात एनआरआय झालेल्या भारतीयालाही रिसर्चसाठी पिसं, रक्ताचे नमुने घ्यायला चेन्नईच्या राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाची मंजुरी लागते, पासपोर्ट भारतीय असला तरी. हे प्रोजेक्ट लिहितानाच वेळापत्रकात धर, नाहीतर अख्खा सीझन हातचा जातो.

तोपर्यंत मूव्हबँक या प्राण्यांच्या हालचालींच्या ऑनलाइन डेटाबेसवर करकोच्यांचा खुला डेटा आहे तो पुण्यात बसून उतरव, आर मधे नकाशा काढ, एखादा छोटा प्रश्न घेऊन उत्तर शोध आणि ते मेलला जोड, मार्कशीटपेक्षा लोक ते आधी उघडतात. प्रोफेसरला पाठवायच्या मेलचा मसुदा आधी मला दाखव, वाटलं तर फक्त 'रिस्पेक्टेड सर' एवढं आत्ताच काढून टाक.