चिनी पालक कडक असतात म्हणून तिथली मुलं अभ्यासात पुढे असतात का?

ताई, तुम्ही लिहिलंय की मुलगा सहावीत गेलाय, घरातले सगळे म्हणतायत की चिन्यांसारखी शिस्त लावली तरच पोरगं काहीतरी करेल, आणि यावर खरंच कोणी अभ्यास केलाय का. केलाय, आणि भरपूर केलाय, चाळीसेक वर्षं झाली लोक यावर काम करतायत. मी बीएड करून नंतर एज्युकेशनमध्ये एमए केलं तेव्हा डिझर्टेशनसाठी यातलं बरंच वाचावं लागलं होतं आणि पुढे मिस्टरांच्या नोकरीमुळे आम्ही काही वर्षं चीनमधल्या सुझोऊला राहिलो, म्हणून वाचलेलं आणि बघितलेलं असं दोन्ही सांगते.

आधी थेट उत्तर. आरडाओरडा केला, धाक दाखवला म्हणून मुलं पुढे जातात असं या अभ्यासांतून दिसत नाही. जे पुन्हा पुन्हा दिसतं ते म्हणजे आईबापांनी अभ्यासात घातलेला स्वतःचा वेळ, 'येईल तुला, परत कर' हा विश्वास, आणि शाळेत विषय पक्का असलेला शिक्षक. कडकपणा या सगळ्याच्या आजूबाजूला असतो म्हणून लांबून बघणाऱ्याला तोच कारण वाटतो.

ते 'टायगर मदर' वालं, म्हणजे धाकात ठेवणाऱ्या चिनी आईचं चित्र आलं कुठून, तर २०११ साली अमेरिकेतल्या एका चिनी वंशाच्या प्राध्यापिकेच्या पुस्तकातून, आणि तो त्यांच्या एका घरातला अनुभव होता. पण योगायोग असा की तेव्हा टेक्सास युनिव्हर्सिटीतल्या सू यंग किम आणि त्यांची टीम उत्तर कॅलिफोर्नियातल्या ४४४ चिनी-अमेरिकन कुटुंबांचा आठ वर्षं पाठपुरावा करत होतीच, मुलं मिडल स्कूलमध्ये असल्यापासून. २०१३ साली त्यांनी जे छापलं त्यात पालकांचे चार प्रकार निघाले, आणि सगळ्यात जास्त पालक 'सपोर्टिव्ह' प्रकारात निघाले, टायगर प्रकारात नाही. आणि टायगर पालकांच्या मुलांचे मार्क सपोर्टिव्हवाल्यांच्या मुलांपेक्षा कमी, नैराश्याची लक्षणं जास्त, आईबापांपासून दुरावाही जास्त. म्हणजे ज्या मार्कांसाठी एवढा आटापिटा तेच कमी पडले. अर्थात ही अमेरिकेत स्थायिक झालेली कुटुंबं आहेत, चीनमधली नाहीत, हे लक्षात ठेवून वाचायचं.

मग ते सगळे पालक बाहेरून कडक का दिसतात? याचं मला पटलेलं उत्तर रूथ चाओ यांनी १९९४ मध्ये दिलंय. त्याआधी डायना बॉमरिंड यांनी अमेरिकन घरं बघून पालकांचे प्रकार पाडले होते, आणि त्या मापाने मोजलं की चिनी आया 'हुकूमशाही' खान्यात जाऊन बसायच्या. चाओ यांनी चिनी आणि गोऱ्या अमेरिकन अशा दोन्हीकडच्या आयांना विचारलं आणि त्यांचं म्हणणं असं की या आया मुलाला 'घडवणं' हे आपलं कामच समजतात, त्यात लक्ष ठेवणं, शेजारी बसणं, टोकणं, खाऊपिऊ घालणं सगळं एकत्र येतं, हुकूम सोडून बाजूला होणं त्यात नाही. आपल्याकडे आजी जशी 'बस इथे, पाढे म्हण' म्हणून स्वतःही तिथेच शेंगा सोलत बसायची, तसं काहीसं.

हे एका प्रयोगात फार स्पष्ट दिसलंय. हाँगकाँग आणि अमेरिका, दोन्हीकडची चौथी-पाचवीची मुलं घेतली, त्यांना एक टेस्ट दिली, मग मधल्या सुट्टीत आईला आत पाठवलं आणि सांगितलं की याला कमी मार्क पडलेत. पाच मिनिटं कॅमेरा चालू. बऱ्याच अमेरिकन आयांनी विषय बदलला, जेवायला काय करायचं वगैरे, मुलाला वाईट वाटू नये म्हणून. चिनी आया म्हणाल्या, तुझं लक्ष नव्हतं, चल बघू कुठे चुकलं. आणि त्या हे रागावून बोलत नव्हत्या, जवळ घेणं आणि हसणं दोन्हीकडे सारखंच होतं! नंतर दुसऱ्यांदा टेस्ट घेतली तेव्हा दोन्हीकडच्या मुलांचे मार्क वाढले पण चिनी मुलांचे जास्त वाढले. इंग (Ng), पोमेरान्ट्झ आणि लाम यांचा २००७ चा पेपर आहे हा. माझ्या मते तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर या पाच मिनिटांत आहे. याच्याही आधी, १९८० च्या दशकात, हॅरल्ड स्टीव्हन्सन आणि जेम्स स्टिगलर यांनी मिनियापोलिस, जपानमधलं सेंदाई आणि तैपेई इथल्या शाळांची तुलना केली होती, नंतर बीजिंग आणि शिकागोही घेतलं, त्यातही हेच की तिकडच्या आया 'मेहनत कमी पडली' म्हणतात आणि अमेरिकन आया 'त्याला गणित जमतच नाही' याकडे जास्त झुकतात, आणि गंमत म्हणजे मुलं मागे असूनही अमेरिकन आया जास्त समाधानी होत्या.

आता शिक्षक. याबद्दल आपल्याकडे कुणी बोलतच नाही म्हणून जरा लांबवते. लिपिंग मा नावाच्या बाई आहेत, सांस्कृतिक क्रांतीच्या (माओच्या काळातली राजकीय उलथापालथ) काळात शांघायहून खेड्यात पाठवलेल्या, तिथेच लहान वयात शिकवायला लागल्या आणि पुढे अमेरिकेत जाऊन संशोधन केलं. त्यांनी २३ अमेरिकन आणि ७२ चिनी प्राथमिक शिक्षकांना एकच गणित विचारलं, पावणेदोन भागिले अर्धा. हे सोडवा आणि यावर मुलांसाठी एक शाब्दिक उदाहरण तयार करा. चीनमधल्या ७२ च्या ७२ जणांनी बरोबर सोडवलं, अमेरिकेत ज्या २१ जणांनी प्रयत्न केला त्यातल्या ९ जणांना पूर्ण बरोबर आलं. उदाहरणाचं तर अजूनच, ७२ पैकी ६५ जणांनी योग्य उदाहरण दिलं, म्हणजे पावणेदोन मीटर कापड आहे, अर्ध्या मीटरचा एक असे तुकडे केले तर किती होतील, साडेतीन, अशा धर्तीचं. आणि २३ पैकी फक्त एका अमेरिकन शिक्षकाला जमलं, बाकीच्यांपैकी बरेच जण अर्ध्याने भागायच्या ऐवजी दोनाने भागायचं उदाहरण देऊन बसले. आणि ते चिनी शिक्षक काही पदव्यांचे ढीग असलेले नव्हते, अमेरिकन शिक्षकांपेक्षा शाळा-कॉलेजची वर्षं त्यांची कमीच होती. फरक असा की तिथे एका विषयाचे सगळे शिक्षक नियमित एकत्र बसतात, पुढचा धडा कसा घ्यायचा यावर चर्चा करतात, एकमेकांच्या तासाला मागे बसतात आणि नंतर चुका काढतात. आपल्या शाळांमध्ये शिक्षकांचा असा एक तास जरी मोकळा ठेवता आला तरी किती फरक पडेल, मला हे फार मनापासून वाटतं. पण आपले शिक्षक निवडणूक ड्युटी आणि ऑनलाइन माहिती भरण्यातच अडकलेले असतात.

सुझोऊला आमच्या शेजारी एक कुटुंब होतं, मुलगी तुमच्या मुलाच्याच वयाची. शाळा सुटताना गेटवर आजी-आजोबांची ही गर्दी, नातवंडाची बॅग स्वतःच्या खांद्यावर घेतलेली, गळ्यात लाल रुमाल बांधलेली मुलं आणि हातात काहीतरी खायला. संध्याकाळी वर्गाच्या वीचॅट (तिथलं व्हॉट्सॲप) ग्रुपवर बाई होमवर्क टाकायच्या आणि खाली पालकांची रांग लागायची 'मिळालं', 'मिळालं', 'मिळालं'. वहीवर पालकाची सही लागायची. मुलीची आई ऑफिसातून आल्यावर आधी फोन बघायची, मग जेवण, मग दोघी टेबलाशी. ती आई ओरडताना मी कधी ऐकली नाही पण थकलेली मात्र रोज बघितली. एकदा मला म्हणाली, बाकीच्यांनी थांबवलं तर मी पण थांबवेन, मी एकटी कशी थांबू.

आणि ती तसं का म्हणाली हे कळायला तिथली परीक्षा बघायला हवी. नववीनंतर झोंगखाओ नावाची परीक्षा असते आणि साधारण निम्मी ते साठ टक्केच मुलं रेग्युलर हायस्कूलला जातात, बाकीच्यांना व्यावसायिक शाळेची वाट. म्हणजे पंधराव्या वर्षी चाळणी. त्यानंतर गाओखाओ, म्हणजे कॉलेज प्रवेशाची परीक्षा, जूनमध्ये, २०२४ साली १ कोटी ३४ लाखांच्या वर मुलांनी नाव नोंदवलं होतं. ही परीक्षा सांस्कृतिक क्रांतीत बंद पडली होती, १९७७ च्या हिवाळ्यात परत सुरू झाली तेव्हा ५७ लाख बसले आणि पावणेतीन लाखांच्या आसपास लोकांना प्रवेश मिळाला. आज जे आजी-आजोबा गेटवर उभे असतात त्यांच्या तरुणपणातली ही गोष्ट आहे, एका पेपरने शेतावरून कॉलेजात गेलेला माणूस त्यांनी डोळ्यांनी बघितलाय. मग नातवंडाच्या मागे लागणार नाहीत तर काय! आनहुई प्रांतात माओतानचांग म्हणून गाव आहे, तिथल्या शाळेत मुलं गाओखाओच्या तयारीला येतात आणि आया नोकरी सोडून गावात खोली घेऊन राहतात. लातूरला नीटसाठी खोली घेऊन राहणाऱ्या आया बघितल्या असतील तर वेगळं सांगायला नको.

सरकारलाही हे जड झालं. जुलै २०२१ मध्ये 'दुहेरी कपात' धोरण आलं, नववीपर्यंतच्या शालेय विषयांचे नफ्यावर चालणारे क्लास बंद, शनिवार-रविवार आणि सुट्टीत शिकवणी नाही, पहिली-दुसरीला लेखी होमवर्क नाही, तिसरी ते सहावी एका तासाच्या आत. मोठमोठ्या क्लास कंपन्या बसल्या. पण चाळणी तशीच राहिली, त्यामुळे ज्यांच्याकडे पैसे त्यांनी गुपचूप घरी शिक्षक बोलावले आणि ते आधीपेक्षा महाग पडायला लागले.

अजून एक, 'चीन पहिला' ही बातमी आपण वाचतो ती कुठल्या चीनची? पिसा म्हणजे पंधरा वर्षांच्या मुलांची देशोदेशी होणारी चाचणी, तिच्यात २००९ आणि २०१२ ला एकटं शांघाय होतं, २०१८ ला बीजिंग, शांघाय, जिआंग्सू आणि झेजियांग एवढेच चार भाग, गणितात ५९१ गुण, ओईसीडीची (बहुतेक श्रीमंत देशांचा गट) सरासरी ४८९. देशातले सगळ्यात सधन भाग आहेत हे. त्याच फेरीत आयुष्याबद्दलच्या समाधानात हीच मुलं सरासरीच्या खाली होती, ते मात्र फारसं कुणी छापत नाही. आणि हुकौ म्हणजे मूळ गावची घराची नोंदणी, शाळेसारख्या सोयी तिच्यावर अवलंबून, त्यामुळे शहरात मजुरी करणाऱ्यांची मुलं बऱ्याचदा गावीच आजीकडे राहतात. स्टॅनफर्डच्या स्कॉट रोझेल यांचा गट या खेड्यातल्या मुलांवर काम करतो. शाआन्शी आणि गान्सू प्रांतांतल्या २५२ प्राथमिक शाळांमध्ये साधारण २० हजार मुलांचे डोळे तपासले, ज्यांना चष्म्याची गरज होती त्यातल्या जेमतेम १५ टक्के मुलांकडे चष्मा होता. चष्म्याने डोळे बिघडतात असा समज तिथेही आहे. काही शाळांत फुकट चष्मे दिले आणि वर्षाच्या शेवटी त्या मुलांचे गणिताचे मार्क वाढले. २०१४ ला बीएमजे या वैद्यकीय नियतकालिकात आलाय हा अभ्यास. फळा दिसत नसलेल्या पोराला किती शिस्त लावणार!

आणि हे सगळं बदलतंयही. शिनयिन चेन यांनी शांघायमध्ये १९९०, १९९८ आणि २००२ साली प्राथमिक शाळेतली मुलं अभ्यासली. १९९० मध्ये लाजरं, गप्प मूल वर्गात आवडतं असायचं, शिक्षकही त्याला चांगलं म्हणायचे. २००२ पर्यंत उलटं झालं, तेच लाजरं मूल एकटं पडायला लागलं, उदास राहायला लागलं. बारा वर्षांत! बाजार आला, मुलाखती आल्या, बोलका मुलगा हवासा झाला. दुसऱ्या एका अभ्यासात नानजिंगच्या आयांच्या मुलाखती घेतल्या तर त्या मार्कांइतकंच मूल आनंदी आहे का, मित्र आहेत का याबद्दल बोलत होत्या. त्यांना कारणही आहे, चायनीज अकॅडमी ऑफ सायन्सेसच्या मानसशास्त्र संस्थेच्या २०२० च्या पाहणीत २४.६ टक्के किशोरवयीन मुलांमध्ये नैराश्याची लक्षणं आढळली (ही चाचणीतली लक्षणं आहेत, डॉक्टरांनी केलेलं निदान नाही).

तुमच्या मुलाबद्दल म्हणाल तर पुढची चाचणी होऊन पेपर घरी आला की आकडा बघून बोलू नका, पेपर उघडून शेजारी बसा, जे चुकलंय त्यातलं एक-दोन त्याच्याकडून परत करून घ्या, आणि 'तुझ्या डोक्यात गणित नाही' हे वाक्य घरात कुणालाच बोलू देऊ नका, आजोबांनाही नाही. नवा क्लास लावायच्या आधी शाळेतल्या गणिताच्या सरांना भेटून त्याचं नेमकं कुठे अडतंय ते विचारा. आणि डोळे तपासून घेतले नसतील तर या आठवड्यातच घ्या.