आधी दिवा कमी कर

चिरंजीव,

तुझ्या माशांच्या टाकीचे फोटो मिळाले. वॅलिसनेरिया या पाणवनस्पतीच्या पात्यांवर काळं केसाळ शेवाळ, काचेवर हिरवा थर, आणि खाली तुझा प्रश्न : ‘काका, कोणतं औषध टाकू?’ कोणतंच नाही. मासे किती, फिल्टर कुठला, खत कुठलं, सगळं लिहिलंस. दिवा किती तास चालतो ते मात्र नाही. सकाळी कॉलेजला जाताना लावत असशील आणि झोपताना बंद करत असशील. शिवाय टाकी पश्चिमेच्या खिडकीत. सोलापूरचं ऊन, त्यात १४ तासांचा दिवा, मग शेवाळ येणार नाही तर काय होणार? दिवा कमी कर.

कारण समजून घे, नाहीतर चार दिवसांनी परत वाढवशील. उजेड जितका जास्त, तितकी झाडाची भूक जास्त. कार्बन डायऑक्साइड, नायट्रेट, पोटॅश, लोह, सगळं त्याच मापात लागतं. टाकीला कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर लावणारे लोक तो लिटरला ३० मिलिग्रॅमच्या आसपास ठेवतात. तुझ्या साध्या टाकीत त्याचा दहावा हिस्सा असला तरी पुष्कळ. जे सगळ्यात कमी, तिथं वाढ अडते. शेतीतला हा नियम जर्मन रसायनशास्त्रज्ञ लीबिगने १९व्या शतकातच लोकांच्या गळी उतरवला. झाड अडलं की उरलेल्या उजेडावर आणि खतावर शेवाळ पोसतं. तुझी झाडं उपाशी आहेत आणि तू त्यांना आणखी ऊन दाखवतोयस.

उजनी धरणाचं पाणी हिरवं का होतं? भीमेतून वरच्या शहरांचं सांडपाणी येतं, शेतातलं खत येतं, आणि वर रखरखीत ऊन. धरणावर छत्री धरता येत नाही, तुझ्या टाकीवर धरता येते.

आणि औषधाचं म्हणशील, तर एप्रिल-मेमध्ये टाकीचं पाणी सहज ३२ अंशांवर जातं. गरम पाण्यात ऑक्सिजन आधीच कमी विरघळतो. त्यात मेलेलं शेवाळ कुजायला लागलं की उरलासुरला ऑक्सिजन संपतो आणि पहाटे मासे वर येऊन तोंड उघडायला लागतात. तांबं असलेल्या औषधाने कोळंबी आणि गोगलगायी आधी जातात. कशाला हा उद्योग?

माझ्या टाकीला लोक हसायचे. तळाला झाडांचा गालिचा नाही, तांबडं रोप नाही. झाडांच्या टाक्या सजवणाऱ्या जपानी ताकाशी अमानोच्या टाक्यांचे फोटो मीही तासन्‌तास बघितलेत. तसली एक टाकी आपल्या हातून व्हावी असं फार वाटायचं. झाली नाही, ही रुखरुख आहेच. पण लूमवरची पाळी, मधेच जाणारी वीज, दिवसाआड येणारं नळाचं पाणी, यात सिलिंडर आणि रोजची कात्री कुठे बसवणार? म्हणून मी साधी झाडं घेतली आणि दिवा सहा तासांवर आणला. हसणाऱ्यांच्या टाक्या आता गच्चीवर रिकाम्या पडल्यात. हे मी मुद्दाम लिहितोय, हो.

आता काय करायचं ते. टायमर घे, दुपारी ४ ते रात्री १०, तेवढाच दिवा. खिडकीला जुनी चादर लाव. काळी झालेली पाती बुडाशी काप, ती पुन्हा हिरवी होत नाहीत. वर थोडं साल्व्हिनिया, म्हणजे तरंगणारं झाड, सोड. सावली करतं आणि कार्बन थेट हवेतून घेतं. आठवड्याला चौथा हिस्सा पाणी बदल; नळाचं पाणी उघड्या पिंपात दिवसभर राहू दे, क्लोरिन उडून जाईल. आणि अनुबियासच्या झाडाचा कंद वाळूत पुरलायस, तो आजच वर काढ, सडेल. फोटोत दिसतंय मला.

पुढचा फोटो महिन्याने पाठव. त्याआधी औषधाचं नाव काढलंस तर उत्तर देणार नाही. टायमर लावला एवढं कळवलंस तर लगेच देईन.

तुझा,
काका