‘द ब्राँक्स’मधला ‘क्स’

प्रश्न असा आला आहे: न्यूयॉर्कच्या पाच विभागांपैकी फक्त ब्राँक्सलाच ‘द’ का लावतात? पूर्वी लोक ‘ब्राँक मंडळींकडे’ जायचे, त्यावरून ‘द ब्राँक्स’ झालं, हे खरं का?

आपण ‘जोशांकडे जाऊन येतो’ म्हणतो, त्यामुळे ही गोष्ट चटकन पटते. त्यातलं आडनाव खरं आहे, पण शेवटचा ‘स’ अनेकवचनाचा नाही. तो षष्ठीचा आहे, म्हणजे आपला चा-ची-चे. योनास ब्राँक 1639 मध्ये तिथे आला, त्याने नदीकाठी शेतवाडी केली आणि 1643 मध्ये वारलासुद्धा. अवघी चार वर्षं! पण तेवढ्यात ती नदी ‘ब्राँकची नदी’ झाली. तिथले मूळ रहिवासी लेनापे लोक तिला आक्वाहंग म्हणत. ते नाव मागे पडलं, याची खंत वाटते. ‘ब्राँक’ला ‘स’ जोडून म्हणून बघा, शेवटी ‘क्स’च ऐकू येतो. तोच पुढे एका अक्षरात, ‘एक्स’मध्ये, लिहिला जाऊ लागला आणि प्रत्यय दिसेनासा झाला. इंग्रजीत नद्यांच्या नावांना ‘द’ लागतो. 1898 मध्ये विभागाला नदीचं नाव मिळालं, त्याबरोबर ‘द’ही आला.

शेजारच्या यॉन्कर्स शहराचं नाव मला याहून आवडतं. त्यातही हाच ‘स’ आहे. 1640च्या दशकात आद्रियान व्हान डर डोंक या डच वकिलाला तिथे मोठी जमीन मिळाली. लोक त्याला ‘योंकहेर’ म्हणत. ‘योंक’ म्हणजे तरुण, ‘हेर’ म्हणजे धनी. मराठीत याला ‘धाकले धनी’ इतका नेमका शब्द आहे की शब्दकोश उघडायला नको. तेव्हा यॉन्कर्स म्हणजे ‘धाकल्या धन्यांचं’.

आता त्याचं आडनाव बघा. ‘डोंक’ म्हणजे पाणथळ भागातला उंचवटा आणि ‘व्हान डर’ म्हणजे तिथला. चिपळूणचा तो चिपळूणकर, तसाच हा डोंककर! जागेवरून पडलेलं हे आडनाव समुद्र ओलांडून गेलं आणि त्याच्या वसाहतीला ‘कोलेन डोंक’ असं रीतसर नावही मिळालं. ते कागदावरच राहिलं. टिकलं ते लोकांच्या तोंडचं, धाकल्या धन्यांचं.