वाचक विचारतात : नागीण घरात शिरली कुठून?

प्रश्न : डॉक्टर नमस्कार, आम्ही इंदूरला रामबागेत राहतो. सासूबाई ६८ वर्षांच्या आहेत. चार दिवसांपूर्वी त्यांच्या उजव्या बरगडीखाली आग व्हायला लागली, आम्हाला वाटलं आदल्या रात्री सराफ्यात (इथल्या रात्रीच्या खाऊबाजारात) खाल्लेलं बाधलं, अॅसिडिटीची गोळी दिली, तर परवा पाठीपासून पोटापर्यंत पट्टाच उठला, पाण्याचे फोड. डॉक्टरांनी नागीण सांगून गोळ्या दिल्यात. पण शेजारच्या आजी म्हणतात तोंड नि शेपूट जुळलं की माणूस हातचा जातो, दुर्वा-तांदळाचा लेप लावा. सासूबाई तेव्हापासून आरसा घेऊन बसल्यात, कुठपर्यंत आली बघत. घरात कित्येक वर्षांत कोणाला कांजिण्या नाहीत, मग हे आलं कुठून? आणि माझ्या ९ महिन्यांच्या बाळाला होईल का?

उत्तर : ताई, आधी तो आरसा काढून घ्या. मणक्यातून नसांच्या जोड्या निघतात, एक डावीकडे एक उजवीकडे, आणि उजवीची हद्द पोटाच्या मध्यावर संपते. सासूबाईंचा व्हायरस त्या एका उजव्या नसेतून खाली उतरलाय, म्हणून पट्टा अर्धाच, तोंड शेपटीला भेटणार कसं? दोन्ही बाजूंना फोड क्वचित येतात, ते बहुतेक प्रतिकारशक्ती फार घसरलेल्या पेशंटमध्ये, आणि तिथे चिंता त्या मूळ आजाराची असते. बाकी नाव ठेवणाऱ्यांची नजर सगळीकडे सारखीच हं, हर्पीस झोस्टर हे ग्रीक नाव, हर्पीस म्हणजे सरपटणं आणि झोस्टर म्हणजे कमरपट्टा.

आता कुठून आली, तर आलीच नाही, घरातच होती. सासूबाईंना लहानपणी कांजिण्या झाल्या असणार, त्यांना आठवत नसलं तरी. फोड सुकले, कडुनिंबाच्या पाण्याने आंघोळ झाली, सगळ्यांना वाटलं गेलं एकदाचं. पण व्हॅरिसेला-झोस्टर म्हणजे कांजिण्यांचाच व्हायरस, तो नसांमधून मणक्याजवळच्या गाठींत, म्हणजे नसांच्या पेशींच्या पुंजक्यांत, जाऊन बसतो. एरवी व्हायरस पेशीत शिरला की तिचीच मशिनरी वापरून स्वतःच्या कॉप्या काढत सुटतो, इथे मात्र गप्प, नुसता त्याचा डीएनए पडून असतो, त्यामुळे आपल्या प्रतिकारशक्तीला पत्ताच लागत नाही. साठ-साठ वर्षं असा राहतो, आणि वयानुसार पहारा ढिला पडला की त्याच नसेतून परत खाली येतो. फोडांच्या आधी जी आग झाली ना, ती हीच, नस आधी दुखते मग कातडी उठते, त्यामुळे अॅसिडिटी वाटली यात तुमचं काही चुकलं नाही. हे कोडं नीट मांडलं ते इंग्लंडमधल्या सायरन्सेस्टर गावच्या एका साध्या फॅमिली डॉक्टरने, होप-सिम्प्सनने, १९६५ मध्ये, आपल्याच पेशंटच्या १६ वर्षांच्या नोंदी धरून. मला या माणसाचं फार कौतुक आहे.

बाळाला थेट नागीण लागणार नाही, पण फोडातल्या पाण्यातून कांजिण्या होऊ शकतात. सगळ्या फोडांवर खपली धरेपर्यंत, साधारण ७ ते १० दिवस, आजीने बाळाला घ्यायचं नाही (रुसतील, रुसू द्या), फोड सैल सुती कपड्याखाली झाकलेले, टॉवेल वेगळा, हात साबणाने. तुम्हाला स्वतःला कांजिण्या झाल्या होत्या का ते आईला विचारा, आणि झाल्या नसतील नि दिवस गेलेले असतील तर आजच डॉक्टरांना सांगा. लेप नको, फोड फुटून त्यात दुसरे जंतू शिरतात.

गोळ्या असायक्लोव्हिर किंवा व्हॅलासायक्लोव्हिर असतील, फोड आल्यापासून ७२ तासांत सुरू झाल्या तर उत्तम, तुमच्या झाल्यात. हे औषध हुशार आहे, व्हायरसचं स्वतःचं एन्झाइमच त्याला चालू करतं, म्हणून ते मुख्यतः बाधलेल्या पेशींतच काम करतं. गाठीत झोपलेला मात्र कॉप्याच काढत नाही, त्यामुळे त्याच्यावर औषध चालत नाही, तो तिथेच राहणार. फोड गेल्यावरही काहींना ती आग महिनोन्‌महिने राहते, तेव्हा "नाटक करतात" असं घरात कोणी म्हणू नये. आणि कधी नाकाच्या शेंड्यावर किंवा डोळ्याजवळ फोड आले तर त्याच दिवशी डोळ्यांचे डॉक्टर. पन्नाशीनंतर घ्यायची दोन डोसची लस आता आपल्याकडे मिळते, बरं झाल्यावर विचारा.

प्रश्न : माझ्या दंडावर देवीच्या लसीचा व्रण आहे, नातू विचारतो हे काय. देवी गेल्या तर कांजिण्या का नाही गेल्या? – एक आजोबा, लोकमान्य नगर, इंदूर

उत्तर : आजोबा, वरचं उत्तर वाचलंत की अर्धं कळेल. फोड दिसायला थोडेफार सारखे असले तरी दोघांचं घराणं वेगळं. देवीचा व्हायरस फक्त माणसात राहायचा, लपायचा नाही, रोगी चेहऱ्यावरूनच ओळखू यायचा, त्याच्या आसपासच्या सगळ्यांना लस टोचली की साखळी तुटायची. १९७७ मध्ये सोमालियात शेवटचा नैसर्गिक रुग्ण सापडला आणि १९८० मध्ये देवी गेल्याचं जाहीर झालं. कांजिण्यांची साखळी अशी तोडली तरी रामबागेतल्या त्या आजींच्या मणक्याजवळ साठ वर्षं दडलेला व्हायरस उद्या नातवाला कांजिण्या देऊन ती परत जोडू शकतो, देवीकडे ही सोयच नव्हती.